अक्षय दाढा

या जगात जे जे वापरले जाते ते ते झिजते. कुऱ्हाड झिजते, उंबरठा झिजतो, चंदनाचे खोड झिजते आणि झिजल्याबद्दल त्याची स्तुतीही होते. (चंदनाला कोणी विचारलेले नाही.) म्हणून शहाणा माणूस कोणतीही वस्तू घेताना ती टिकाऊ आहे का हे आधी पाहतो, ती कशासाठी घेतली हे पुढे सवडीने पाहता येते.

अशा शहाण्यांत सावद्याच्या तोतारामनाना चौधऱ्यांचा नंबर पहिला लागे. नानांची केळीची बाग होती, गावात शब्दाला वजन होते, आणि लग्नात सासऱ्याने दिलेला जोडा इतक्या वर्षांनंतरही करकरीत होता. तो जोडा नाना रोज वापरत. म्हणजे घरून निघताना हातात घेत, आणि कचेरी किंवा व्याह्याचे घर दिसू लागले की पाय धुऊन घालत. त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. पण टाचा काही सासऱ्याने दिलेल्या नव्हत्या.

त्यामुळे सावदा-फैजपूर मार्गसुधारक मंडळाच्या खडी फोडण्याच्या यंत्राच्या दाढा झिजल्या, आणि नव्या टिकाऊ दाढा निवडायला समिती नेमायचे ठरले, तेव्हा अध्यक्ष कोण यावर मतदान घ्यावे लागले नाही. नानांनी जोडा टेबलावर ठेवला. सभासदांनी तो उलटा करून तळ पाहिला आणि विषय संपला.

यंत्राविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. त्याला एक लोखंडी जबडा होता आणि जबड्यात समोरासमोर दोन खाचेदार पोलादी पाट्या. सारा गाव त्यांना दाढा म्हणे. इंजिन सुरू झाले की एक दाढ मागेपुढे हाले, वरून टाकलेला दगड दोघींच्या मध्ये सापडे आणि खाली खडी होऊन पडे. यंत्र आले त्याच दिवशी मंडळाने हातोडीने खडी फोडणाऱ्या बायामाणसांना हार घालून घरी पाठवले. पण यंत्राच्या विलायती कारागिरांनी खानदेशचा काळा पाषाण पाहिलेला नव्हता. वर्षाच्या आत दाढा तळहातासारख्या गुळगुळीत झाल्या, आणि एखादी म्हातारी बोळक्या तोंडाने हरभरे चघळते तसे यंत्र दगड चघळून अख्खेच्या अख्खे बाहेर टाकू लागले. मंडळाने तेही वाया जाऊ दिले नाहीत. रस्त्यात ओढ्यापाशी जो वाईट उतार होता, त्यावर ते पसरले आणि उताराचे काम निम्मे झाल्याचे जाहीर केले. पूर्वी त्या उतारावरून गाडी कशीबशी जाई. निम्मे काम झाल्यापासून अजिबात जाईना.

आता, या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, फैजपुरात, नानांची एकुलती एक लेक झुंबर दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी, हा काही मंडळाचा ठराव नव्हे की तहकूब करावा. आखाजीच्या सणाला साऱ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. झुंबरने आखाजीला यायचे आणि बाळ कुशीत घेऊनच परत जायचे, असे ठरले होते. पण तिची सासू सुंदरबाई खमकी. तिने नानांच्याच गाडीवानाबरोबर, नथ्थूबरोबर, निरोप धाडला.

"नाना, सुंदरबाईनं सांगलं," नथ्थू म्हणाला, "अशा दगडायवरून पोटुशी पोर गाडीत घालनार नही. खडी पडू द्या, मंग गाडी धाडा."

"आखाजीच्या आत खडी पडली समज," नाना म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पोरीवर त्यांचा फार जीव होता. बागेत एकटे असले की तिच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून येत. समितीची पहिली सभा त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावली.

नियमाप्रमाणे तीन नमुने हवे होते. पहिला माणकचंदशेठचा. शेठचे लोखंडाचे दुकान होते आणि ते समितीचे सभासदही होते. (दुकानदार सभासद असला की निवड लांबत नाही.) त्यांच्या विलायती दाढा मेणकापडात गुंडाळून लाकडी पेटीत बसल्या होत्या. "नाना, दहा वर्षं यांच्याकडे बघायचं काम नाही," शेठ म्हणाले. अयोग्य दगड घातल्यास हमी लागू नाही, एवढीच अट होती. (अयोग्य म्हणजे कठीण.) दुसरा नमुना धुळ्याच्या एका ओतशाळेतला, उसाचे जुने चरक वितळवून ओतलेला. तिसरा काही मिळेना, तेव्हा पुना सुताराकडून बाभळीचा करून घेतला. बाभूळ चिवट असते हे सर्वांना ठाऊक होते, आणि नियमात पोलाद हा शब्द कोठेही नव्हता.

ओव्हरसियर लीलाधरराव पुण्यास शिकून आलेले, त्यामुळे उतावळे. ते म्हणाले, "तिन्हींत दगड घालून पाहू. आठवड्यात कळेल."

"आन् नापसंत नमुना परत कसा देनार?" नानांनी विचारले. "दगड घातला म्हंजे उष्टा झाला."

तेव्हा उष्टे न करता परीक्षा सुरू झाली. दाढा वाजवून पाहिल्या, उचलून पाहिल्या, उन्हात ठेवून पाहिल्या. नारळ फोडण्याच्या कसोटीत तिन्ही नमुने उत्तीर्ण झाले. बाभळीच्या दाढेला खोबरे चिकटते, एवढा शेरा पडला. या कामी माघ संपला आणि फाल्गुनही गेला.

लीलाधरराव तरी दगडाचेच नाव घेत राहिले. शेवटी नानांनी प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. दाढ झिजते यात दोष दाढेचा की तिला झिजवणाऱ्या दगडाचा? चोर घरात शिरला तर आपण कडीला दोष देत नाही. लागलीच दगड-निवड उपसमिती नेमली गेली. तिने खाणीतल्या दगडांची पाहणी करून शेकडा ब्याण्णव दगड उद्धट, सात संशयास्पद आणि एक सौम्य असल्याचे कळवले. (तो एक पुढे वाळलेले शेण निघाला.) तेव्हा परीक्षा काळ्या मातीच्या ढेकळांवर घ्यावी असे ठरले, आणि मातीने वस्तू उष्टी होत नाही असा निर्णय भटजींकडून घेतला गेला. यंत्र दिवसभर ढेकळे फोडत होते. एकाही दाढेवर ओरखडा आला नाही. सभासदांनी एकमेकांना पेढे भरवले.

घरी भिकुबाई, नानांची बायको, डिंकाचे लाडू वळून बसली होती. "आवो, चैत संपत आला," ती म्हणाली. "पोरीले ढेकयावरून आनताय का?"

"दम धर," नाना म्हणाले. "आता फक्त मुहूर्त."

विलायती दाढा पसंत झाल्या होत्या आणि मुहूर्तही नानांनीच काढला: आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी जे करावे ते अक्षय होते, कधी कमी होत नाही. मग त्या दिवशी बसवलेली दाढ झिजेल कशी? सभासद थक्क झाले. माणकचंदशेठचा चेहरा मात्र क्षणभर उतरला; दाढ अक्षय झाली तर दुसरी खपायची कधी? लीलाधररावांनी पोरीचे काय, असे विचारले. त्याचाही विचार नानांनी केलेला होता. सकाळी दाढा बसवायच्या, दुपारपर्यंत उतारापुरती खडी पाडून पसरायची, उन्हे कलली की नथ्थूने गाडी हाकायची. दिवे लागताना झुंबर झोक्यावर.

आखाजीच्या सकाळी यंत्राला झेंडूचे तोरण लागले. दाढांना हळदकुंकू वाहिले. नथ्थूने गाडीत गादी घातली, गादीवर तक्क्या ठेवला, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले आणि ओढ्याच्या अलीकडे येऊन उभा राहिला. भिकुबाईने लिंबाला नव्या दोराचा झोका बांधून पुरणाचा घाट घातला. इंजिन धडधडू लागले. पहिला दगड टाकायचा मान अध्यक्षांचा. नानांनी दोन्ही हातांत काळा पाषाण घेतला आणि जबड्यात वाकून पाहिले.

दाढा आरशासारख्या चमकत होत्या. एकेक खाच रेखीव. हातातला दगड खडबडीत, ब्याण्णवातलाच. नानांचे हात थांबले. त्यांना आपला जोडा आठवला, आणि एकदा पावसात तो घालावा लागला होता तो दिवसही आठवला. त्यांनी दगड खाली ठेवला.

"मंडयी," ते म्हणाले, "आज जे व्हईल ते अक्षय. मंग आज दाढ झिजाले लागली, तर ते झिजनंबी अक्षयच ना?"

इंजिन बंद करण्यात आले. एवढे सूक्ष्म कोणालाच सुचले नव्हते. टाळ्या प्रथम माणकचंदशेठनी वाजवल्या, कारण दाढा विकून झाल्या होत्या आणि माल परत यायची भीती गेली होती. जागच्या जागी ठराव झाला, की इतक्या उत्तम दाढा दगडाच्या तोंडी देणे योग्य नसून, त्या उतरवून ओढ्याकाठी ओटा बांधून सुरक्षित ठेवाव्यात. ओट्याला खडी लागणार होती. ती फोडायला घरी पाठवलेल्या बायामाणसांना परत बोलावणे गेले. पुढे त्यांनी चार-दोन दिवसांत ढीग पाडला तेव्हा लीलाधरराव म्हणाले, हीच खडी उतारावर टाकली तर? पण ती ओट्यासाठी मंजूर होती.

त्या दिवशी दाढांबरोबर उतारावरचे दगडही अक्षय होत होते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

नथ्थू दुपारी रिकामी गाडी घेऊन परतला. शेजारच्या अंगणांतून पोरींची गाणी ऐकू येत होती. नाना घरी आले तेव्हा भिकुबाई झोक्याला टेकून उभी होती. तिला सारे कळले होते.

"आनली का माही पोर?"

"उद्या काही तरी..."

"दाढायलेच आना आता माहेरपनाले. त्यायलेच लाडू चारा."

ती घरात गेली. लाडवांचा डबा फडक्यात बांधला. कोनाड्यातला जोडा काढला, खाली ठेवला आणि पायांत घातला. बाईमाणसाने पुरुषाचा जोडा घातलेला सावद्याने कधी पाहिला नव्हता. गल्लीतली गाणी थांबली. भिकुबाई फटक फटक वाजवत फैजपूरच्या वाटेला लागली.

"आवं, निदान हातात तरी घे!" नाना मागून ओरडले. तिने वळून पाहिले नाही.

ती परत आलीच नाही. झुंबर ज्येष्ठात बाळंत झाली, सासरीच. लेक माहेरी गेली नाही, तेव्हा माहेर तिच्याकडे चालत आले होते. बारशाला नाना अनवाणी गेले. उतारावर त्यांच्या पायांचे दोन्ही अंगठे फुटले. व्याह्याच्या दारात त्यांचा जोडा पडला होता, तळ उसवलेला, एकाच्या टोकातून उजेड दिसणारा. त्यांनी तो नेहमीप्रमाणे उलटा करून पाहिला आणि पुन्हा सुलटा ठेवला.

झुंबरने नातू त्यांच्या मांडीवर दिला. "नाना, आखाजीले झोका बांधला होता का?"

"बांधला होता ना."

"कोन बसलं?"

"कोनी नही," नाना म्हणाले. "दोर अजून नवाच्या नवा हाये."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आले. मग ते नातवाच्या दुपट्यात तोंड घालून रडले. कोणी त्यांना गप्प केले नाही.

दाढा ओढ्याकाठच्या ओट्यावर आहेत. समितीने आपल्या अहवालात, निवडलेल्या दाढा अपेक्षेहून टिकाऊ ठरल्या, असे नमूद केले, आणि त्यात एक अक्षर खोटे नाही. येणारे-जाणारे गाडीतून उतरून, दगडांवरून चालत, दाढांना नमस्कार करतात.

वाचकांना नानांचे हसू आले असेल. यावे, त्यासाठीच हे सांगितले. हसून झाले की उठून आपल्या कपाटाची वरची फळी पाहावी. तिथे खास माणसांसाठी म्हणून जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेल्या कपबश्या असतील. ती खास माणसे केव्हाच येऊन, कान तुटलेल्या कपातून चहा पिऊन गेली. त्यांतली काही आता यायची नाहीत. कपबश्यांना मात्र अजून टवकाही उडालेला नाही.