प्रल्हादभाऊंची दोन कार्डं

प्रल्हादभाऊंची आणि माझी ओळख दोन वांग्यांनी करून दिली. जळगावला मी नव्याने राहायला आलो होतो. सामान अजून पोत्यांतच होतं. सकाळी दार वाजलं म्हणून उघडलं, तर पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात स्लिपर आणि दोन हातांत भरताची दोन भलीमोठी वांगी. नमस्कार नाही, नाव नाही. दोन्ही वांगी माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "सर, तुम्ही चित्रकला शिकवता असं कळलं. तुमची नजर पक्की. यातलं उन्नीस कोणतं, बीस कोणतं?"

मला दोन्ही वांगी सारखीच दिसत होती. मी तसं म्हणालो.

"सारखं काहीच नसतं, सर," ते म्हणाले. एवढं बोलून दुखावल्यासारखे निघून गेले. संध्याकाळी वाटीभर भरीत आलं. सोबत निरोपही: "हे डाव्या हातातलं होतं. तेच बीस निघालं."

प्रल्हादभाऊ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दिवसभर बाजारात फिरून दुकानदारांचे तराजू तपासायचे. ते गल्लीत शिरले की किराणावाले आपोआप सरळ बसायचे. पण खात्याने त्यांना बिघडवलं की असा माणूस पाहूनच खात्याने त्यांना घेतलं, याचा उलगडा मला कधी झाला नाही. त्यांच्या घरी पेपर दोन यायचे. एकच बातमी दोन्हीकडे वाचून कुठल्यात ओळ जास्त आहे ते ते सांगायचे. पंखा घ्यायला गेले, तेव्हा दुकानातल्या दोन पंख्यांखाली आळीपाळीने रुमाल धरून उभे राहिले. शेवटी दुकानदाराने वैतागून मेन स्विचच बंद केला. भाऊंचं मूळ गाव धुळ्याकडचं. एरवी ते कचेरीतलं मराठी बोलायचे, पण तुलना रंगात आली की भाषा घरच्या अहिराणीकडे पळायची. "दोन्ही बठ्ठं सारखंच शे म्हनतस! अरे, कसं सारखं शे?"

त्यांच्या ओट्यावर गप्पा व्हायच्या, चहाही मिळायचा. पण ओट्याच्या आत कुणाला बोलावणं नसायचं. वहिनी आजारी असतात, एवढंच गल्लीला माहीत होतं. आतून कधीतरी खणखणीत आवाज यायचा, "काहून इतका वेळ लावता?" आणि भाऊ लगबगीने आत जायचे. मूलबाळ नव्हतं. लोक काहीबाही बोलायचे. माणूस कंजूष आहे, घरात भारी वस्तू असतील म्हणून कुणाला आत घेत नाही, वगैरे.

आणि मग एक दिवस या माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगावात कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या नुकत्या लागू लागल्या होत्या. आमच्या शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर हेडसरांच्या खोलीत टर्किश टॉवेलखाली झोपलेला असायचा. त्यामुळे भाऊंच्या दारात हातगाडीवरून खोकी उतरली तेव्हा गल्ली गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "भाऊ, कशाला हो?"

"मोटारीच्या शर्यतीचा खेळ खेळायला," भाऊ सरळ म्हणाले.

त्या दिवसापासून गल्लीने त्यांची अक्कल काढली. मी काढली नाही, कारण आठ दिवसांनी ते माझ्याच ओट्यावर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"सर, चित्र हलतं. गाडी पळते, पण रस्ता झटके खातो. मनीष म्हणतो, थ्रीडी कार्ड टाकावं लागेल."

मनीष म्हणजे स्टेशनजवळचा कॉम्प्युटरवाला. त्याने सांगितलं होतं की कॉम्प्युटरच्या आत चित्र काढायला वेगळं कार्ड बसवलं की रस्ता लोण्यासारखा सरकतो. भारीतली कार्डं दोन. एकाच्या खोक्यावर वाघाचं चित्र, दुसऱ्याच्या खोक्यावर गरुडाचं. दोन्हींना सोळा एमबी, दोन्ही नवी, दोन्ही महाग. मनीष म्हणाला होता, "भाऊ, डोळे झाकून कोणतंही घ्या, दोन्ही सारखीच."

सारखीच! या एका शब्दाने मनीषने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पुढचे पंधरा दिवस भाऊ रोज कचेरी सुटली की त्याच्या दुकानात. मासिकं आणवली, इंग्रजी परीक्षणांचा अर्थ मला विचारला. एका मासिकाने वाघाला वर ठेवलं होतं, दुसऱ्याने गरुडाला. भाऊंना यात आनंद झाला की दुःख, ते मला कळेना.

त्यात अडचण अशी की वाघ होता जळगावात मनीषकडे, आणि गरुड होता धुळ्याला, आग्रा रोडवरच्या एका दुकानात. शेजारी शेजारी ठेवून पाहायची सोय नाही.

"सर, रविवारी रिकामे आहात?"

रविवारी सकाळी भाऊंनी मला मनीषच्या दुकानात नेलं. मनीषने वाघ लावून खेळ चालू केला. दोन्ही बाजूंना झाडं असलेला रस्ता, लांबवर डोंगर, आणि लाल मोटार. मला खरंच छान वाटलं. भाऊ म्हणाले, "नीट पाहा. पानांचा हिरवा, मातीचा तांबडा, सगळा रंग डोळ्यांत भरून घ्या." मी भरून घेतला. लगेच रिक्षा, लगेच धुळ्याची एसटी. सीटवर बसताच भाऊ म्हणाले, "आता डोळे मिटा."

"का?"

"वाटेत दुसरं काही पाहिलंत तर रंग उतरतील ना! धुळ्याला उघडा."

मला वाटलं गंमत करताहेत. करत नव्हते. मी डोळे मिटून बसलो. एरंडोलला शेजारच्या बाईंनी विचारलं, "यांच्या डोळ्यांना काय झालं हो?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "डोळ्यांत रंग आहे." बाईंना रंगपंचमी आठवली असावी. त्यांनी गुलाबपाण्याचा उपाय सांगितला. कंडक्टरला वाटलं ऑपरेशन झालंय. त्याने मला हाताला धरून पुढच्या सीटवर आणून बसवलं, खड्डे कमी लागावेत म्हणून. पारोळ्याला गाडी चहाला थांबली, तेव्हा भाऊंनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उघडू नका हं." तो चहा मी आंधळ्यासारखा प्यायलो. निम्मा शर्टाने प्यायला.

धुळ्याला डोळे उघडले तेव्हा कुठल्या पानांचा हिरवा आणि कुठल्या मातीचा तांबडा! मला फक्त ऊन दिसत होतं. पण त्या दुकानात एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. रंगांचं सगळं त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, आणि स्वतः दुकानदाराला भलतेच प्रश्न विचारत होते.

"वळणावर झटका बसतो का?"

"नाही, साहेब."

"बराच वेळ पाहिलं तर डोकं दुखतं? मळमळतं?"

"कुणाला मळमळेल, साहेब? खेळ आहे."

"आणि ब्रेक, वेग, सगळं हातानंच करता येईल? पाय न लावता?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही धडधाकट होते.

शेवटी भाऊंनी दोन्ही दुकानदारांना पटवलं. दोन्ही कार्डांची पूर्ण रक्कम आधी भरली. एक ठेवायचं, एक परत द्यायचं, असं ठरलं. ती बसवायला मनीष घरी आला. तासाभराने तो माझ्या दारात आला. एरवी बडबड्या माणूस, पण तेव्हा फक्त म्हणाला, "सर, तुम्हाला बोलावलंय आत." तो ओट्याच्या पलीकडे जाऊन आला होता. आता माझी पाळी होती.

आतली खोली स्वच्छ, उजेडाची. खिडकीशी कॉम्प्युटर, टेबलाला घट्ट आवळलेलं मोटारीचं खेळण्यातलं स्टिअरिंग. त्याच्यासमोर हातांच्या उंच खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. मांडीवर चादर, कपाळावर मोठं कुंकू, आणि नजर अशी की मी पटकन शर्टाची बटणं तपासली.

"या सर. तुमीच का ते डोळे मिटून धुळ्याला गेलेले?" सुमनवहिनी हसल्या. "यांच्या नादी लागू नका. मले विचारलं असतं तर बसल्या जागी सांगितलं असतं."

मग जे कळलं ते असं. वहिनी बोदवडच्या. वडिलांचा केळीचा व्यापार, आणि घरची जीप वहिनीच चालवायच्या. केळीची मालगाडी लागायची तेव्हा भल्या पहाटे मजूर घेऊन स्टेशनवर. प्रल्हादभाऊ मुलगी पाहायला गेले, तेव्हा परत जाताना त्यांना स्टेशनवर सोडायला जीप घेऊन कोण, तर ही मुलगीच.

"गाडीत बसले अन् घाबरून दांडी धरली," वहिनी म्हणाल्या. "उतरताना मामाले म्हणाले, होकार कळवून टाका. दुसरी मुलगी पाहायची ठरली होती पाचोऱ्याले. गेलेच नाहीत."

भाऊ कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी उगाचच नीट करत होते.

चार वर्षांपूर्वी वहिनींना मणक्याचं दुखणं झालं. पुण्या-मुंबईचे डॉक्टर झाले. जीव वाचला, पण कमरेखालचं बळ गेलं. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. "चार माणसांनी पोत्यासारखं उचलून गाडीत घालायचं, अन् गल्लीनं पाहायचं? मले नाही जमत," असं म्हणून त्यांनी विषय बंद केला होता. भाऊंनी नाना तऱ्हेने विनवलं, उपयोग झाला नाही. मग एकदा मनीषच्या दुकानात तराजूच्या दुकानाचा पत्ता विचारायला गेले असताना त्यांनी पडद्यावर धावणारी मोटार पाहिली.

कॉम्प्युटर आणला. वहिनींनी स्टिअरिंग धरलं. पण रस्ता झटके खायला लागला आणि दोन मिनिटांत त्यांचं डोकं गरगरलं, उलटी झाली. "नको हे," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हापासून भाऊ कार्डांच्या मागे होते.

आधी मनीषने वाघ लावला. झाडं झळाळली, आभाळ निळंशार. भाऊ पडद्याकडे पाहतच नव्हते. ते वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिसऱ्या वळणावर वहिनींनी डोळे मिटले. मग कार्ड बदलून गरुड. रंग थोडे फिके, डोंगर धुक्यातले. पण मोटार वळणावर पाण्यासारखी गेली. वहिनी पुढे झुकल्या. एक वळण, दुसरं, पूल, चढ. त्यांचे हात ओळखीचं काहीतरी करत होते.

"हेच ठेवा," त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"पण सुमन, वाघाची पानं पाहिलीस का? एकेक पान वेगळं..."

"पानं मोजायला निघालो का आपण? रस्त्यानं जायला निघालो नं?"

वाघ दुसऱ्या दिवशी परत गेला. भाऊंनी कसलीही तक्रार केली नाही.

त्यानंतर त्या घराचं दार उघडं राहू लागलं. शाळेतून येताना मी डोकावायचो. वहिनी कधी बर्फात असायच्या, कधी वाळवंटात. भाऊ शेजारी स्टुलावर बसून क्लीनरसारखे सूचना करायचे आणि बोलणी खायचे. पावसाळा असा गेला. दिवाळीनंतर एकदा गेलो, तर कॉम्प्युटर बंद.

"काय झालं वहिनी? पुन्हा गरगरलं?"

"नाही हो. पण सर, या रस्त्याले वास नाही," वहिनी म्हणाल्या. "सगळे रस्ते चालवून झाले. कपाशीचा नाही, केळीचा नाही, डिझेलचाही नाही. मी यांना म्हटलं, भावाले सांगा, जीप अजून उभी असेल शेडात, तर पाठव म्हणून."

मी भाऊंकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, "सर, मला गाडी येत नाही. कधी गरजच पडली नव्हती."

"मी बसते नं शेजारी," वहिनी म्हणाल्या. "शिकवते."

जीप आली. वहिनींना भाऊंनी आणि मी खुर्चीसकट ओट्यावर आणलं आणि तिथून पुढच्या सीटवर बसवलं. गल्ली पाहत होती. वहिनींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पदर खोचला. समोरच्या आक्का पुढे आल्या आणि वहिनींच्या पाठीशी उशी सरकवून गेल्या. एवढंच झालं.

बरेच दिवस शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी चालली. "क्लच! अहो, तो क्लच हाये, वहाण नाही!" मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचो. भाऊंनी एक बांध पाडला, एका म्हशीची माफी मागितली, आणि शेवटी लायसन्स मिळवलं.

मग एका सकाळी आम्ही जामनेर रस्त्याने बोदवडला निघालो. कपाशी फुटलेली होती. बाजाराला निघालेल्या गाड्यांतून उडालेला कापूस बाभळींना अडकला होता. जुन्या जीपला काचा नव्हत्या. वहिनींनी हात बाहेर काढला, वारा घेतला आणि गप्प झाल्या. भाऊंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलेलं, मानेवर घाम, नजर समोर खिळलेली.

"सर," ते हळूच मला म्हणाले, "मला बाजूला पाहता येत नाही. जरा बघून सांगा ना, ती रडते का हसते?"

मी पुढे वाकणार, तोवर वहिनीच म्हणाल्या,

"हसते मी. तुम्ही समोर पाहा."