काकतीच्या आप्पांची अमेरिकेवर हरकत

आप्पा सरळ चहा पीत नाहीत. आधी कपाची उलटतपासणी घेतात. बशी पालथी करतात, कपाचा कान चिमटीत धरून पिळतात आणि विचारतात, "ह्यो आकार कुणाच्या डोक्यातनं आला?" एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उलटी करून डोक्यावर धरली होती. निम्म्या अक्षता तिच्यातच पडल्या. कायद्यानं बघायचं तर त्या दिवशी तिचंही लग्न लागलं.

आप्पा मूळचे बेळगावजवळच्या काकतीचे. बेळगावच्या एका फौंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने घडवण्यात हयात गेली. आता बेळगावातच, खासबागेत राहतात. त्यांची बायको, आक्का, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी शैला. ती वस्तूंचे आकार ठरवण्याचंच शिक्षण घेतलेली.

देशाची अक्कल मोजायचं आप्पांचं स्वतःचं माप आहे. "आपल्या देशात आपुनच दिलेली पेटंटं मोजू नगंस. घरच्या मैदानावर कुणीबी धावा काढतंय. अमेरिकेनं परक्या माणसाला किती डिझाइन पेटंटं दिली, त्यात आपली किती, त्ये बघ."

मी एकदा म्हटलं, "मग अमेरिकेची अक्कल कशी मोजायची?"

"ती त्यांची त्यांनी मोजावी की रं!"

मग शैलानं बापाच्या घरी बसून काढलेल्या एका डब्याच्या आकाराला अमेरिकेचं डिझाइन पेटंट मिळालं. नावापुढं छापलं होतं: बेळगाव, भारत. आप्पांनी एवढा कुंदा वाटला, की गल्लीतल्या मुंग्यांना साखर झाली.

पुढं शैला नोकरीसाठी जर्मनीला गेली. तिथून दुसरं पेटंट आलं, एका किटलीच्या आकाराचं. नावापुढं छापलं होतं: जर्मनी.

"गाव चुकलंय!" आप्पा कडाडले.

आता गाव चुकीच्या खात्यात गेलं की काय करायचं, हे सीमाभागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडं पोर रांगायच्या आधी निवेदनावर अंगठा उठवतं. आप्पांनी हरकत लिहिली: 'सदर मुलगी काकतीची असून तिला विनाकारण जर्मनीत घालण्यात आले आहे.' मग सह्या. दुकानाच्या पाटीच्या भाषेवरून हमरीतुमरीवर येणारी आमची गल्ली पहिल्यांदाच एका कागदावर आली. शेजारच्या गंगव्वांनी तर ठसठशीत कन्नडात सही ठोकली.

"भारताचं एक पेटंट कमी होतंय," आप्पा दारोदार सांगत. आणि सही झाली की हळूच पुढं जोडत, "पोरगी परत येणारच हाय. उगंच तिकडं नोंद कशाला?"

हरकत कुठल्या पत्त्यावर धाडायची, हे विचारायला त्यांनी माझ्यासमोरच शैलाला फोन लावला. ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर.

"शैला, तुझं गाव चुकवलंय बघ त्यांनी."

"चुकलं न्हाय, आप्पा. मीच लिवून दिलंय."

"तात्पुरतं न्हवं?"

"हितं घर घेतलंय, आप्पा. सांगणारच होते तुमास्नी."

आप्पांनी सह्यांच्या कागदाची घडी घातली. "बरं केलंस की." मग एकदम कामाचं आठवल्यासारखं म्हणाले, "ती किटली एवढी बारकी का गं केलीस? एकच कप मावतोय तिच्यात."

"हितं लई माणसं एकटीच राहत्यात, आप्पा."

"हितंबी," आप्पा म्हणाले. आणि लगेच घाईनं, "म्हंजे, हितंबी खपंल म्हणतो मी."

फोन ठेवला, तोवर गंगव्वा दारात हजर. "काय म्हणाली री आप्पा, अमेरिका?"

आयुष्यभर सुताएवढा फरक ज्यांनी खपवून घेतला नाही, ते आप्पा टॉवेलानं चष्मा पुसत उठले. "चूक कबूल केली बघा त्यांनी. पुढच्या खेपेला बेळगावच लिवणार म्हणाले."

"बघा! आमच्या सह्या लागू पडल्या की न्हाय?" गंगव्वांनी टाळी वाजवली. "मग पोरगी कधी येणार?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "पुढच्या पेटंटाला!" मीच ठोकून दिलं.