सरांच्या पिशवीतला आरसा

डोईफोडे सरांवर अन्याय झाला तो यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कॉलेज सुटताना, भर फाटकात. शिपायानं सगळ्यांदेखत त्यांची कापडी पिशवी उघडायला लावली. आतून मेथीची जुडी निघाली आणि मेथीखालून मानसशास्त्र विभागाचा आरसा. संस्थेचे सचिव तिथंच उभे होते. म्हणाले, "प्राध्यापक माणूस, अन् चोरी?" सरांनी मेथी उचलली आणि घरी गेले.

पत्रकाला एवढं पुरे होतं. मंठा तालुक्यात विद्यार्थ्यांची पत्रकं मीच लिहितो. 'जाहीर निषेध' माझ्या हातात बसलेला आहे. पण निषेध ज्यांच्यासाठी, ते सर कोण हे तुम्हाला कळायला नको? आणि सरांबद्दल सांगायला बसलं की निषेध बाजूला राहतो आणि हसूच येतं.

सर बीएला मानसशास्त्र शिकवतात. तिन्ही वर्षं, सगळे पेपर, एकटेच. त्यामुळे त्यांना जग पेपरांतच दिसतं. स्टँडवर कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली की सर म्हणणार, "सामाजिक! दुसरं वर्ष." पोरगं गारीगारसाठी मातीत लोळलं, "विकासात्मक." जिनिंगवरचा हमाल कापसाच्या गाठीला टेकून झोपला, "औद्योगिक. थकवा. दरवर्षी विचारतेत." एका लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांना जिलेबी वाढायची विसरून पुढं गेला, तर त्याला थांबवून म्हणाले, "विस्मरण. पहिलं वर्ष." त्यानं घाबरून पातेलंच पुढं केलं.

आम्ही कॉलेजपर्यंत एसटी सोडा म्हणून मोर्चा काढला, तेव्हा सरांच्या वर्गासमोर घोषणा दिल्या. दुसरा कुणी चिडला असता. सरांनी आख्खा वर्ग व्हरांड्यात आणून बसवला. "जमावाचं वर्तन. घरबसल्या आलंय, घ्या लिहून." मग माझ्याकडे वळून, "पुढारी, घोषणा जरा सावकाश दे ना. पोरी लिहून राह्यल्यात."

सावकाश घोषणा कशी देतात, सांगा! मोर्चा तिथंच मोडला.

आता त्या आरशाचं. तो प्रॅक्टिकलचा आहे. फळीवर चांदणीच्या आकाराची खाच असते. ती थेट दिसू नये म्हणून आडोशानं झाकायची, आणि समोरच्या आरशात बघत खाचेतून पेन्सिल फिरवायची. पेन्सिल पुढं न्यावी तर आरशात मागं जाते. भलेभले घामाघूम होतात. सरावानं चुका कमी होतात, एवढंच त्यातून दाखवायचं असतं. पण त्यासाठी कोरा माणूस लागतो, आणि वर्गातले तर सगळेच चांदणी गिरवून बसलेले. म्हणून सर बाजारच्या दिवशी रस्त्यावरून माणूस धरून आणतात. एकदा बाजाराला आलेले फकिरामामा सापडले. मामांनी आरशात बघून आधी मिशा नीट केल्या, मग विचारलं, "साहेब, अंगठा कुठं लावू?"

पुढच्या बाजारापर्यंत गावोगाव झालं, की कॉलेजात चांदणी जमली की शिपायाची जागा मिळते. विभागापुढं रांग! घनसावंगीकडचे एक सासरे तर जावयाला दाढी करून, कडक इस्त्रीत घेऊन आले. "सर, आमचे जावईबापू घरी पाण्याच्या परातीत बघून सराव करून आल्येत. जरा बघा."

सर आनंदानं लाल. "अफवेचा प्रसार! सामाजिक!" पण जावईबापूंना त्यांनी बसवलं, चांदणी काढू दिली, आणि जाताना चहा पाजला.

एका पेपरची उदाहरणं मात्र सर कधीच देत नाहीत. अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे मनाचे आजार, तिसरं वर्ष. स्टँडवर एक माणूस स्वतःशीच बडबडत होता. आमच्यातला एकजण हौसेनं म्हणाला, "सर, हे अपसामान्य ना?" सरांचा चेहरा उतरला. "त्या पेपरात कुणाला बसवायचं न्हाई. बिलकुल न्हाई." आम्ही समजलो, सरांची त्या पेपरची तयारी कच्ची आहे.

फाटकातल्या प्रकारानंतर पत्रकासाठी माहिती घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. सर मेथी निवडत बसले होते. खाटेवर काकू, सरांच्या पत्नी, भिंतीकडे तोंड करून. मी नमस्कार केला, त्या वळल्या नाहीत.

"बस. आवाज बारीक ठेव," सर म्हणाले. "लई वर्षं झाली, कुणाशी बोलत न्हाई ती. राजूरच्या गणपतीला नेऊन आणली. जालन्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत. एकदा प्रॅक्टिकलच्या तयारीला आरसा घरी आणला, तर आपणहून उठून आली. पेन्सिल घेतली. चांदणी चुकली, अन् हसली."

तेव्हापासून दर शनिवारी आरसा घरी, सोमवारी पहिल्या तासाच्या आधी परत. दोघं आळीपाळीनं गिरवतात. सर चुकले की काकू जास्त हसतात.

"पण सर, सरावानं चुका कमी व्हतात ना?"

"व्हतात की." सरांनी मेथीची काडी मोडली. "माझ्या न्हाई व्हत."

विभागाचा आरसा तर फाटकातच जप्त झालेला, म्हणून मी लगेच जाऊन न्हाव्याकडून दुसरा आणला, पुठ्ठ्यावर चांदणी कापली, आडोसा लावला. काकूंनी एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मला राहवलं नाही. "फाटकात का न्हाई सांगितलं, सर? मी असतो तर तोंडावर सांगितलं असतं!"

"सांगितलं असतं, मंग काय झालं असतं?" सर खाटेकडे बघत म्हणाले. "आख्ख्या गावानं हिला त्या पेपरात बसवलं असतं. तू पत्रक काढणारच, मला माहीत हाय. काढ. हिचं नाव घालू नको."

घातलेलं नाही. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी काकूंना तो एक शब्द लावला, तर गाठ माझ्याशी आहे.

विभागाचा आरसा सचिवांच्या कपाटात आहे. किल्ली त्यांच्या खिशात. सचिव काही आभाळातून पडलेले नाहीत. तुमच्यातल्याच कुणाचे मामा आहेत, कुणाचे मेहुणे, कुणाचे व्याही. आज त्यांच्याकडे जा. चहा नको म्हणा. किल्ली मागा. शनिवारच्या आत.