रामटेके डॉक्टरांची रविवारची शाळा

दर रविवारी सकाळी आदिलाबादच्या आमच्या गल्लीत, मटणाच्या दुकानापुढे कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला एक म्हातारा उभा राहतो आणि खड्या आवाजात सांगतो, "करीमभाई, दिल साबूत देना! पिछली बार टूटा हुआ दिया था."

गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावतात. करीमभाई गंभीरपणे बकऱ्याचं हृदय निवडून देतो.

हे रामटेके डॉक्टर, माझे शेजारी. उभा जन्म नागपुरात माणसांची हृदयं शिवण्यात गेला. निवृत्त होऊन इकडे आले आणि परसातल्या कापूस ठेवायच्या खोलीत शाळा काढली. हृदयाचं ऑपरेशन शिकणारी तरुण डॉक्टर मंडळी नागपूरहून सुट्टी काढून इथे येतात. एका खोल डब्यात बकऱ्याचं हृदय बसवलेलं असतं. कूलरच्या पंपावर डॉक्टरांनी काहीतरी करामत केली आहे. बटण दाबलं की बिटाचं लाल पाणी आत-बाहेर होतं आणि हृदय चक्क धडधडायला लागतं. टाका चुकला की पिचकारी थेट चष्म्यावर.

डबा आमचा, लाडवांचा. बायकोने एकदा विचारलं, "ताटात ठेवून नाई का शिवता येत?"

"वैनी, माणसाची छाती का ताट हाय? खोल असते ते. हात आत गेला का उजेड बाहेर राह्यते."

बायकोने डब्याची आशा सोडली.

"घाई काऊन?" हे त्यांचं आवडतं वाक्य. विद्यार्थ्यांना म्हणतात, रिक्षावाल्याला म्हणतात, कुकरलाही म्हणतात. माझ्या पँटचं बटण त्यांनी एकदा असं शिवून दिलं, की पुढे पँट विरून गेली, बटण अजून आहे.

प्रत्येक हृदयाला ते नाव-गाव देतात. "ह्या नार्नूरच्या शांताबाई. कापूस वेचतात. धाकट्या सुनेशी पटत नाई." मग ऑपरेशननंतर बाहेर येऊन निकाल सांगायला शांताबाईंचे नातेवाईक हवेत. त्यासाठी ओसरीतल्या बाकावर मी. निवृत्त मास्तर, रिकामाच. आजवर मी अनेक बकऱ्यांचा नवरा झालो, भाऊ झालो, एकदा तर सासूही.

परवाच्या रविवारी याच शांताबाईंना शिवायला काव्या आली होती. मंचेरियलची तेलुगू मुलगी, नागपुरात राहून मराठी शिकलेली, हात चपळ. पण दोरा जरा जास्त ओढला गेला, हृदयाची मोठी नळी फाटली आणि डबा लाल पाण्याने भरला. डॉक्टरांनी पंप बंद केला.

"गेल्या शांताबाई. जा, बाहेर सांगून ये."

ती दारातच उभी राहिली. "सॉरी अंकल. आम्ही खूप प्रयत्न केला," म्हणाली आणि वळली.

"थांब," डॉक्टर मागून आले. "मास्तर, उठा जरा. मी बसतो. हं, आता मले सांग."

या बाकावर ते कधीच बसले नव्हते. काव्याने हातमोजे काढले. या खेपेला ती त्यांच्या शेजारी बसली.

"बाबा, शांताबाई गेल्या. माझ्या हातात होत्या. मला नाही वाचवता आलं."

डॉक्टर खाली बघत होते. तसंच त्यांनी विचारलं, "तिले थंडी तर नाई वाजली ना? एसी सोसत नव्हता तिले."

मी चपापलो. प्रमिलावहिनी, त्यांच्या पत्नी, शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात वारल्या तेव्हा मी सोबत होतो. हा एवढा मोठा सर्जन, पण त्या दिवशी बाहेर बसलेला एक नातेवाईक. एक तरुण डॉक्टर आला, उभ्या उभ्या सांगून निघून गेला. यांचे ओठ हलले होते, पण विचारायचं राहूनच गेलं.

काव्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"नाही बाबा. मी पांघरूण घातलं होतं. शेवटपर्यंत जवळच होते."

"बरं केलं, बाई," डॉक्टर म्हणाले. हात मात्र त्यांनी सोडला नाही.