हाताला लागत नाही

माणूस सुधारला की त्याला सगळ्यात आधी सांध्यांची लाज वाटू लागते. भिंतीतली वायर दिसू नये, पोटावरचा टाका दिसू नये, आणि स्क्रूची खाच तर मुळीच दिसू नये. गाड्यांच्या दारांची पॅनेलं बनवणाऱ्या आमच्या चाकणच्या कंपनीने ही लाज वेळीच ओळखली आणि ‘गुप्तखाच’ स्क्रू काढला. (नाव मी सुचवलं. प्रसिद्धी विभागात मी एकटाच आहे.)

स्क्रू पुरता बसला की त्याच्या डोक्यावरचं बारीक झाकण खटकन मिटतं आणि खाच गडप होते. उघडायला खास चुंबकी चावी लागते. ती एकच आहे. जास्त चाव्या केल्या की लोक उघडत बसतात, आणि उघडलं की आत काय आहे ते कळतं.

गुळगुळीतपणा तपासायला परदेशी यंत्र आणलं होतं, पण शेवटी कामाला आला सोजराबाईंचा तळहात. आज शेड आहे तिथे पूर्वी त्यांचा कांदा निघायचा. आता तिथेच त्या कंत्राटी कामगार आहेत. (यालाच भूमिपुत्रांना प्राधान्य म्हणतात. भूमी आमच्याकडे, प्राधान्य त्यांच्याकडे.) लाइन इन्चार्ज रविराज दर पॅनेलला विचारतो, “मावशी, हाताला लागतंय का?” त्या हात फिरवून म्हणतात, “न्हाई लागत, बाबा.” माल पास.

खंडेनवमीला आमचे मालक दादासाहेब यांनी ठरवलं, की आपल्याच यंत्रांना बाहेरचे स्क्रू शोभत नाहीत. कन्व्हेअरच्या रोलरवरचं संरक्षक झाकण, विजेची पेटी, आणि पूजेनंतर चावी ज्यात मांडली ते काचेचं कपाट, सगळीकडे गुप्तखाच बसला. कपाटाचा शेवटचा स्क्रू मिटला तेव्हा चावी आत होती. फोटो मात्र छान आला.

पुढच्याच आठवड्यात सोजराबाईंचा हात त्या झाकणाखाली रोलरमध्ये ओढला गेला. यंत्र ताबडतोब बंद केलं. सुरक्षेच्या बाबतीत आम्ही कुणाचं ऐकत नाही. पण हात सोडवायचा तर झाकण काढायला हवं होतं. चावी काचेआड दिसत होती, पण पूजेचं कपाट फोडणार कोण? सगळ्यांनी झाकणावरून हात फिरवले. मीही फिरवला. सांगायला अभिमान वाटतो, एकही खाच सापडली नाही.

“आरं फोडा की ते! माजा हात हाय आत!” सोजराबाई ओरडत होत्या.

“मावशी, जरा थांबा,” रविराज म्हणाला, “स्क्रॅच येईल.”

शेवटी वेल्डर हिंदुरावाने घन घातला. सोजराबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. झाकणाचंही बरंच नुकसान झालं, म्हणून हिंदुरावाला मेमो मिळाला. त्या बाईचं ओरडणं मला अजून ऐकू येतं, पण तो विषय गुणवत्तेत बसत नाही.

संध्याकाळी पिंपरीच्या हेड ऑफिसातून सेफ्टी ऑफिसर कुलदीप सरांचा फोन आला. “बाईंच्या हाताला लागलं का?” मागे प्रेस धडधडत होते, आणि रविराजला सवयीने रोजचाच प्रश्न ऐकू आला.

“अजिबात लागत नाही, सर! एकदम गुळगुळीत!”

तिकडे ‘इजा नाही’ अशी नोंद झाली. चूक दुसऱ्या दिवशी लक्षात आली, पण दादासाहेब म्हणाले, “एकदा बसलेलं कशाला उघडता राव?” गेटवरचा ‘अपघातमुक्त’ फलक तसाच राहिला. सोजराबाईंना काही झालेलंच नसल्यामुळे, दवाखान्यात काढलेले दिवस विनापरवानगी रजा धरले गेले.

जखम भरल्यावर त्या कामावर आल्या. तपासणी आता डाव्या हाताने करतात. पहिलं पॅनेल पुढे आलं आणि रविराजने विचारलं, “मावशी, हाताला लागतंय का?”

“लागलंय रं,” त्या म्हणाल्या. “पर तुमच्यात ते दिसत न्हाई.”

‘दिसत नाही’ एवढं ऐकून रविराजने पासचा शिक्का मारला.

तो माल आता शोरूममध्ये पोचला आहे. गुढीपाडव्याला तुम्ही गाडी घेतलीत ना? दारावरून हात फिरवून “वा, काय फिनिशिंग आहे!” म्हणालात ना? पुन्हा एकदा फिरवा. लागतंय का हाताला काही?

नाही ना? आम्हीही तेच कळवलं होतं.