फुली मारलेली अंडी

अंड्यांचं इन्स्पेक्शन आपण करायचं, असं उद्धवरावांनी ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

महाळुंग्याच्या एका कंपनीत तीस वर्षं त्यांनी काचेच्या बाटल्या दिव्यासमोर धरून तपासल्या होत्या. केसाएवढी रेघ किंवा बारीक ठिपका दिसला, की लाल फुली, बाटली बाद. (घरात मात्र त्यांना कुणी भाजीसुद्धा निवडायला देत नसे.)

त्यांच्या बायकोची, सुभद्राबाईंची, तांबडी कोंबडी माहेरच्या वाणाची. त्याच वाणाचा कोंबडा परवाच कंपनीच्या बसखाली गेलेला. त्यामुळे खुडुक तांबडीखालची अकरा अंडी ही त्या वाणाची शेवटची आशा. आठव्या दिवशी, अंड्यांत जीव धरलाय का ते बघायला, उद्धवराव टोपली घेऊन न्हाणीघरात शिरले. दार लावून अंधार केला आणि एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. चार अंडी नव्या बाटलीसारखी स्वच्छ निघाली. उरलेल्या सातांत काळा ठिपका आणि तांबड्या रेघाच रेघा. हळहळत त्यांनी सातांवर फुली मारली आणि बायकोला सांगितलं, हा माल खराब आहे, टाकून दे.

सुभद्राबाईंनी अंड्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, बरं म्हणाल्या आणि टोपली उचलून नेली.

तांबडी हाताला कडकडून चोचायची, म्हणून पुढं उद्धवराव तिकडं फिरकले नाहीत. एकविसाव्या दिवशी चिवचिव ऐकू आली, तेव्हा त्यांनी नात सायलीला आणि शेजारच्या केसरबाईंना बोलावून आपल्या तीस वर्षांच्या नजरेची महती सांगायला घेतली. ती अजून संपायची होती, तोच सायलीनं टोपलीतलं फुटकं कवच उचललं. त्यावर लाल फुली होती. दुसऱ्यावरही. सातही पिलं बाद मालातली.

केसरबाईंनी तोंडाला पदर लावला.

"रेघा म्हंजी शिरा असत्यात," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "ठिपका म्हंजी जीव. कोरी व्हती ती चार मी पुरली."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"तुमी लई मन लावून बघत व्हता."

उद्धवरावांनी एक पिलू ओंजळीत घेतलं आणि तशाच ओंजळीनं बायकोला हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी माझ्या मामानं तुमच्यावरबी अशीच फुली मारली व्हती. मीच ठिवून घेतलं."

उद्धवरावांचे डोळे भरून आले. "माझ्यातबी जीव दिसला व्हता?"

"दिसला व्हता की. पर ही एकवीस दिसांत बाहेर आली. तुमाला चाळीस वर्सं झाली, अजून उबवतीय."