चिंच आणि चिपसेट

तांब्याची भांडी तुम्ही कशाने घासता? मी चिंचेने घासते. माझ्या सासूबाईही चिंचेनेच घासायच्या. तेव्हा पुढे जे झालं, त्यात निम्मा दोष परंपरेचा आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी यायलाच हवी, ही आमच्या खान्देशची रीत. त्यातून लग्नानंतरची पहिली आखाजी! पण आमच्या चंदनला बेंगळुरूहून सुट्टी मिळेना. "सकाळी कॉम्प्युटरवर पोटभर बोलू, बाबा," ती म्हणाली. कॉम्प्युटर तिच्या दहावीच्या वर्षी घेतलेला. एवढ्याशा मोबाइलमध्ये लेक बघायची म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघण्यासारखं, असं ह्यांचं मत.

अडचण एकच. जळगावच्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर तापून बंद पडायचा, आणि तेही नेमकी चंदन काही सांगत असताना. ह्यांनी तो उघडला, बोटाला चटका घेतला आणि निदान केलं, "चिपसेट तापतोय. त्याच्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा लहान पडतो."

"मग छोटा पंखा बसवा ना."

"पंखा घरघरतो गं. मला मग चंदनचं ऐकू येत नाही." (ह्यांचा डावा कान अधू आहे. मी बोलते तेव्हा उजवाही.)

धुळ्याला आमच्या पुतण्याचं, भूषणचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने एसटीने डबा पाठवला. त्यात कंगव्यासारखे दाते असलेला तांब्याचा मोठा तुकडा आणि करड्या पेस्टची इवलीशी ट्यूब. पंखा नाही, आवाज नाही. तुकड्याने गप्प बसून सगळ्यांची उष्णता ओढून घ्यायची. (सासरी मीही हेच केलं.)

आखाजीच्या आदल्या दिवशी उजेड चांगला म्हणून हे मोरीजवळच्या ओट्यावर कामाला बसले. तुकड्याच्या खालच्या बाजूला पेस्ट लावली, तो पालथा ठेवला आणि स्क्रू पिळायला बारीक पेचकस आणायला शेजारच्या तोतारामभाऊंकडे गेले. तिथे चहा झाला असणार. इकडे मी पूजेची भांडी घासत होते. तांब्या झाला, पळी झाली, ताम्हन झालं. शेजारी पाहते तो भूषणच्या त्या तुकड्याला करडा चिकट राप! लेकीशी बोलायचं साधन, आणि सणासुदीला असं कळकट?

हे परतले. "अगं, हे एवढं चमकतंय कसं?"

"घासलं."

"आणि खालची पेस्ट?"

"ती पेस्ट होती? दोनदा चिंच लावली तेव्हा निघाली मेली!"

हे ओट्यावरच बसले. रिकामी ट्यूब दाबून पाहिली, उलटी करून पाहिली. "तिची पहिली आखाजी आहे गं," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर मी भांडले तरी असते.

मी भूषणला फोन लावला.

"काकू, बठ्ठं धुई टाकं?"

"बठ्ठं, बाबा. सगळंच."

"मग आता तसंच बसवू नका. पेस्ट नसली की चिपची उष्णता तांब्यात जात नाही. आणि काकू, तिथे टूथपेस्ट लावू नका हं."

(हातातली टूथपेस्ट मी हळूच खाली ठेवली.)

भूषणने संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे दुसरी ट्यूब दिली. ती घ्यायला मी स्वतः स्टँडवर जाऊन बसले. धुळ्याहून येणारी प्रत्येक गाडी पाहिली, दोन चुकीच्या कंडक्टरांना "माझी पेस्ट द्या" म्हणाले. मिळाली तेव्हा पदराच्या टोकाला गाठ मारून घरी आणली.

ह्यांनी पेस्ट लावली, तुकडा बसवला. "टॉर्च धर," म्हणाले. मी धरला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चमकतोय मात्र छान."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदन पोटभर बोलली, कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही, आणि ह्यांनी माझी खुर्ची त्याच्यापासून चार हात लांब टाकली होती.